चाकांची झिलई : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या चाकांना कोणती झिलई द्यावी, याविषयीची बरीच पत्रे साठली होती. त्यांपैकी सहा प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांनी रंगाचा कोड विचारला आहे. कोडाला महत्त्व आहेच, परंतु चाक बिघडते ते क्वचितच छटेमुळे. धातू कोणता आहे, कारखान्यातून बाहेर पडताना त्यावर कोणती प्रक्रिया झाली होती आणि त्याची चकाकी किती होती, हे आधी ठरवले की कोडाचे काम फार थोडे उरते.

प्रश्न : माझ्या १९६०च्या दशकातील गाडीला पत्र्याची साधी चंदेरी चाके आहेत. उत्तम प्रतीचा चंदेरी बेस कोट मारून घेतला आणि त्यावर क्लिअर कोटचे (पारदर्शक थराचे) दोन हात दिले. कामात खोट काढायला जागा नाही, तरीही चाके गाडीला उपरी वाटतात. छटा चुकली असेल का?

उत्तर : छटा बहुधा बरोबरच असेल, चुकली आहे ती चकाकी आणि रंगातील ॲल्युमिनियमचा कण. त्या काळात पत्र्याच्या चाकांवरचा चंदेरी रंग सहसा एकाच थराचा असे, तो भट्टीत भाजला जाई आणि त्यावर वेगळा क्लिअर कोट नसे. जुन्या पद्धतीच्या चंदेरी रंगातील ॲल्युमिनियमचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर वेड्यावाकड्या कडांचा दिसतो. रंग बनवणारे त्याला ‘कॉर्नफ्लेक’ म्हणतात, आणि ते नाव अगदी चपखल आहे. त्या फाटक्या कडांवरून प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून रंग किंचित करडा आणि शांत दिसतो. आजच्या चंदेरी बेस कोटमध्ये पुष्कळदा गुळगुळीत, गोल कडांचे, नाण्यासारखे कण असतात. त्यांना ‘सिल्व्हर डॉलर’ असेच नाव पडले आहे. हे कण आरशाच्या तुकड्यांसारखे उजेड थेट परत फेकतात, आणि वरून क्लिअर कोट चढला की पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या नाण्यासारखी खोली त्यांना येते. नव्या गाडीवर ते शोभते. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीवर मात्र नजर आधी चाकांकडेच जाते, आणि तेच आपल्याला खटकते आहे.

मूळ झिलई कशी होती हे कोणत्याही पुस्तकापेक्षा आपले चाकच अधिक खात्रीने सांगेल. हबकॅपच्या क्लिपखाली, टायर उतरवल्यावर रिमच्या आतल्या कडेला किंवा समतोलासाठी ठोकलेले शिशाचे जुने वजन काढल्यावर त्याच्याखाली नखाएवढा मूळ रंग पुष्कळदा शाबूत सापडतो. डिकीत पडून राहिलेले पाचवे चाक त्याहून चांगले, कारण त्याने ऊन पाहिलेलेच नसते. तो तुकडा मेणविरहित थिनरने अलगद पुसावा आणि नमुना म्हणून तोच रंगवाल्यापुढे ठेवावा. जुळणी उघड्या सावलीत करावी. ट्यूबलाइटखाली जुळलेला चंदेरी रंग बाहेर आणल्यावर हमखास वेगळा दिसतो.

क्लिअर कोट मुळीच नको, असे मात्र मी म्हणणार नाही. ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे तापलेले कण असतात, ते रंगात रुततात आणि गंजून तपकिरी ठिपके पाडतात; शिवाय उघड्यावर असलेले ॲल्युमिनियमचे कण तीव्र क्लीनरने काळवंडतात. गाडी नियमित रस्त्यावर धावत असेल, तर बारीक कणाचा चंदेरी रंग घेऊन त्यावर चकाकी कमी करणारे द्रव्य मिसळलेला, अर्धचकचकीत क्लिअर कोट एकच हात द्यावा. गाडी प्रामुख्याने प्रदर्शनात उभी राहणार असेल, तर हार्डनर घालून वापरण्याचा एका थराचा पॉलियुरेथेन रंग पुरेसा आहे. एक गोष्ट मात्र दोन्ही बाबतींत सारखीच : पाचही चाके एकाच दिवशी, एकाच डब्यातून, एकाच हाताने रंगवून घ्यावीत. चंदेरी रंग ओला बसला की कण खोल जातात आणि छटा गडद होते. कोरडा बसला की ते पृष्ठभागाजवळ राहतात आणि छटा उजळते. गनचे अंतर चार बोटांनी बदलले तरी शेजारचे चाक परके दिसू लागते.

प्रश्न : १९६०च्या दशकाच्या अखेरच्या पोर्शे ९११ एसची फुक्स चाके पुन्हा मूळ रूपात आणायची आहेत. काळा भाग चकचकीत ठेवावा की मॅट? पाकळ्यांना, म्हणजे चाकाच्या रुंद आऱ्यांना, आरशासारखे पॉलिश करून देण्याचा एका कारागिराचा आग्रह आहे.

उत्तर : कारागिराचा आग्रह आधी बाजूला ठेवावा, कारण काळा रंग चुकला तर पुन्हा मारता येतो, पाकळी एकदा पॉलिश झाली की तिच्यावरचे मूळ कवच कायमचे गेले.

फुक्सचे चाक १९६६ मध्ये ९११ एससोबत आले, तेव्हा ते १५ इंच व्यासाचे आणि अवघे साडेचार इंच रुंदीचे होते. ते ओतीव नाही, घडीव आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचा तापवलेला गोळा दाबून, घडवून त्याला आकार दिलेला आहे. पाकळ्यांच्या दर्शनी भागावर आणि रिमच्या कडेवर जी चमक दिसते ती रंगाची नाही आणि नुसत्या पॉलिशचीही नाही; ती ॲनोडायझिंगची आहे. या प्रक्रियेत आम्लाच्या द्रावणात वीज सोडून धातूच्याच पृष्ठभागावर ऑक्साइडचा पारदर्शक आणि अतिशय कठीण थर वाढवला जातो. त्याची जाडी साधारण १० ते २५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही बरीच कमी. वरून लावलेला नसल्यामुळे त्याचे पोपडे निघत नाहीत. पण पॉलिशच्या चाकाखाली तो झिजून जातो आणि कॉस्टिकसारख्या अल्कलीत विरघळतो. मूळ चमक रेशमी असते, तीत थोडासा दुधाळपणा असतो. कारागीर दाखवतो आहे तो आरसा म्हणजे कवच गेल्यानंतरचे उघडे ॲल्युमिनियम. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही अशाच एका आग्रहाला बळी पडलो होतो. चार चाके घेऊन घरी आलो तेव्हा त्यांत स्वतःचा चेहरा पाहून खूश झालो, आणि काही महिन्यांतच त्याच चेहऱ्यावर पांढुरके डाग पडले. त्यानंतर ती चाके दर पंधरवड्याला पुसत बसावे लागले.

आपल्या चाकांवर ॲनोडायझिंग शिल्लक आहे की नाही, हे घरच्या मल्टिमीटरने कळते. मीटर सातत्य तपासण्याच्या खुणेवर ठेवावा आणि दोन्ही टोके पाकळीवर बोटभर अंतरावर हलकेच टेकवावीत, दाबू नयेत. आवाज झाला तर धातू उघडा आहे. ऑक्साइडचा थर वीजवाहक नसल्यामुळे तो शाबूत असेल तर मीटर गप्प राहतो. लॅकरचा थर असला तरीही मीटर गप्पच राहील, म्हणून चाकाच्या मागच्या कोपऱ्यात थिनरचा बोळा फिरवून पाहावे : लॅकर बहुधा मऊ पडतो किंवा त्याची कड सुटते, ॲनोडायझिंगला काहीही होत नाही. थर शाबूत असेल तर सौम्य साबण, मऊ फडके आणि मेण एवढेच करावे. बारीक चरे राहू द्यावेत. थर जागोजागी गेला असेल तर अर्धे काम करून उपयोग नाही. जुना थर रासायनिक पद्धतीने उतरवून, पृष्ठभाग एकसारखा करून पुन्हा ॲनोडायझिंग करणाऱ्याकडेच चाक द्यावे. त्याऐवजी पारदर्शक लॅकर मारण्याचा स्वस्त मार्ग सुचवला जातो, परंतु लॅकरला एक बारीक टवका उडाला की ओल आत शिरते आणि त्याखाली गांडुळाच्या मागासारख्या पांढऱ्या रेघा सरकत जातात.

आता काळा रंग. सुरुवातीच्या चाकांत पाकळ्यांच्या भोवतीचा खोलगट भाग काळा आणि पाकळ्या चमकदार अशी योजना होती. पुढच्या काळात पाकळ्याही काळ्या आणि केवळ रिमची कड चमकदार अशी चाके आली. आपली गाडी पहिल्या गटातील आहे, हे मास्किंग टेप हातात घेण्यापूर्वी निश्चित ध्यानात ठेवावे. काळा सॅटिन घ्यावा, ग्लॉस नको आणि धुरकट मॅटही नको. ग्लॉस मीटरने ६० अंशांच्या कोनातून मोजले असता चकचकीत रंग साधारण ८५च्या वर भरतो आणि सॅटिन २० ते ३५च्या दरम्यान. रंग मिसळणाऱ्याला ‘थोडा मंद’ असे सांगण्याऐवजी आकडा सांगावा. सॅटिन रंग नंतर पॉलिश करून सुधारता येत नाही, घासला की तेवढाच भाग चमकू लागतो. म्हणून धूळ बसली तर ती पुसण्याच्या भानगडीत न पडता तो भाग पुन्हा फवारावा. पाकळीच्या कडेला काळ्या-चंदेरीची सीमा तलवारीच्या धारेसारखी काढू नये. मूळ चाकांत ती किंचित मऊ असते, आणि फार रेखीव रेघ दुरूनही नवी दिसते.

प्रश्न : जग्वार ई-टाइपच्या स्पोकच्या चाकांना पावडर कोटिंग करावे, चंदेरी रंग द्यावा की क्रोम? सर्वांत टिकाऊ म्हणून पावडर सुचवले जात आहे.

उत्तर : मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथे ई-टाइप लोकांसमोर आली तेव्हा तिला ७२ स्पोकची, १५ इंची चाके होती आणि ती रंगवलेली असत, क्रोम हवा असल्यास वेगळे पैसे मोजावे लागत. तेव्हा चंदेरी रंग हे मूळ रूप आहे आणि क्रोम हेही त्या काळाशी इमान राखणारे आहे. पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगपूड विद्युतभाराने चिकटवून भट्टीत पक्की केलेली पोळी, या दोहोंत बसत नाही, पण माझा आक्षेप केवळ इतिहासाचा नाही.

स्पोकचे चाक हे एकसंध चाक नव्हे. ७२ तारांच्या ताणावर तोललेली ती एक रचना आहे, आणि अधूनमधून निपल (स्पोकच्या टोकाचा आटे असलेला छोटा नट) फिरवून ताण सारखा करावा लागतो. पावडरचा थर सहसा ६० ते १०० मायक्रॉनचा असतो आणि तो निपल, स्पोक व रिम यांना एकच साल पांघरतो. पुढे पाना लावला की ती साल तडकते, फटीतून पाणी आत जाते आणि वरून धडधाकट दिसणारा स्पोक आतून गंजतो. शिवाय पावडर विद्युतभाराने चिकटते, आणि असा भार खोल, अरुंद कोपऱ्यांत शिरत नाही. परिणामी जिथे स्पोक एकमेकांवरून जातात तिथे, म्हणजे गंज जिथून सुरू होतो नेमक्या त्याच जागी, थर सर्वांत पातळ राहतो.

रंगापूर्वी चाक उभे टांगावे आणि लहान स्पॅनरने एकेक स्पोक हलकेच वाजवून पाहावा. ताणलेला स्पोक टणत्कार करतो, सैल किंवा तुटण्याच्या बेतात असलेला ठस्स बोलतो. ठस्स बोलणारे बदलून, चाक सरळ करून मगच रंगाकडे वळावे. हा क्रम उलटला तर रंगाचे पैसे दोनदा जातात. त्यानंतर इपॉक्सी प्रायमरचा पातळ हात आणि चंदेरी रंगाचे दोन-तीन पातळ हात, दर वेळी चाक थोडे फिरवून, पुढून आणि मागून, तिरक्या कोनातून द्यावेत. हबच्या आतले दाते आणि त्याच्या दोन्ही टोकांचे निमुळते बसणीचे भाग यांवर रंगाचा थेंबही नको. तिथे धातूला धातू भिडला पाहिजे. दात्यांवर ग्रीसचा पातळ हात पुरेसा.

क्रोमच करायचा असेल तर जुने स्पोक मुलाम्याला देऊ नयेत. मुलामा देताना उच्च ताकदीच्या पोलादात हायड्रोजन शिरून तो ठिसूळ होतो. तो घालवण्यासाठी स्पोक लगेच २०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भाजावे लागतात, आणि ते झाले की नाही हे नंतर पाहून कळत नाही. माझी स्वतःची पसंती रंगालाच आहे. ई-टाइपचे शरीर इतके देखणे आहे, की चाकांनी थोडे मागे उभे राहिलेलेच बरे.

प्रश्न : एमजीबीच्या रोस्टाइल चाकांत काळा रंग नेमका कुठे? दुकानदाराने पूर्ण चंदेरी करून दिली.

उत्तर : ही दाबलेल्या पत्र्याची चाके एमजीबीवर १९६९च्या अखेरीस, १९७०च्या मॉडेलसोबत आली. उठावाच्या पट्ट्या आणि रिम चंदेरी, त्यांच्यामधील खोलगट जागा काळ्या. ती खोली नजरेला जाणवावी म्हणूनच तो काळा आहे. पूर्ण चंदेरी केल्यावर चाक सपाट ताटलीसारखे दिसते, हे आपल्याही लक्षात आले असेल. आधी संपूर्ण चाक चंदेरी करावे, तो रंग नीट कडक होऊ द्यावा, मग मास्किंग करून कमी चकाकीचा काळा फवारावा. चंदेरी रंगावर टेप चोवीस तासांच्या आत लावली तर ती रंगासकट उठते.

प्रश्न : मॅग्नेशियमची जुनी रेसिंग चाके मिळाली आहेत. आतल्या बाजूला सोनेरी-तपकिरी रंग दिसतो, बाहेर चंदेरी रंगाचे फोड आहेत. मूळ रंग सोनेरी समजावा काय? आणि सँडब्लास्टिंग करून पावडर कोटिंग चालेल का?

उत्तर : आत दिसतो तो बहुधा रंग नसून डायक्रोमेटची प्रक्रिया आहे. मॅग्नेशियमला उघडे ठेवता येत नाही. ओल आणि मीठ लागले की ते पांढऱ्या भुकटीत झडू लागते. म्हणून रंगापूर्वी त्यावर क्रोमेटचा संरक्षक थर रासायनिक प्रक्रियेने आणला जाई, आणि त्याची छटा पितळी-सोनेरी ते तपकिरी अशी असते. हा थर अस्तराचे काम करतो, शोभेचे नाही. तेव्हा आपल्या चाकांचा दर्शनी रंग चंदेरी मानण्यास आधार आहे. मात्र काही गाड्यांवर खरोखरच सोनेरी रंगवलेली चाकेही होती, म्हणून फोडांच्या कडेला ब्लेडने थर उकलून त्यांचा क्रम पाहावा.

सँडब्लास्टिंगला माझा स्पष्ट नकार आहे. लोखंडी किंवा आधी लोखंडावर वापरलेले कण मॅग्नेशियमच्या अंगात रुतले, की प्रत्येक कणाभोवती दोन धातूंचा छोटा विद्युतघट तयार होतो आणि नव्या रंगाखाली फोड उठतात. आपल्या चाकांवरचे फोडही कदाचित कोणाच्या तरी अशाच उत्साहाचे फळ असतील. रंग मॅग्नेशियमला चालणाऱ्या रिमूव्हरनेच उतरवावा. सर्वसाधारण आम्ल लावल्यास धातूच खाल्ला जाईल. घासताना निघणारी बारीक पूड पेट घेऊ शकते आणि तिच्यावर पाणी टाकल्यास आग भडकते, म्हणून ग्राइंडर आणि ठिणग्या लांब ठेवाव्यात.

उघडे चाक हाती आले की रंगापूर्वी डाय पेनिट्रंट चाचणी करून घ्यावी. लाल द्रव लावून पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा, आणि तडा असेल तिथे लाल रेघ हळूहळू वर उमटते. नटांच्या भोकांभोवती आणि स्पोकच्या मुळाशी विशेष पाहावे. रेघ उमटली तर ते चाक भिंतीवर टांगावे. त्याला रंगही मूळचाच द्यावा, पण रस्त्यावर आणू नये.

पावडरविषयी : ती पक्की करण्यासाठी चाक सुमारे १८० ते २०० अंशांवर १० ते २० मिनिटे ठेवावे लागते. उष्णतेने संस्कारित ॲल्युमिनियमच्या अनेक चाकांची ताकद साधारण १५० ते १८० अंशांवर पिकवून आणलेली असते. भट्टीत ती त्याहून जास्त तापमानावर रेंगाळली तर हलकेच नरम पडतात. जुना रंग जाळून काढणारी भट्टी तर याच्या जवळजवळ दुप्पट तापते, आणि तिथे हलक्या धातूचे कोणतेही चाक कधीच देऊ नये. ओतीव मॅग्नेशियमच्या छिद्रांत अडकलेली हवा भट्टीत फुगून पावडरमध्ये बुडबुडे आणते, हा आणखी एक त्रास. क्रोमेटची नवी प्रक्रिया हेक्साव्हॅलंट क्रोमियम हाताळणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडून करून घ्यावी, कारण ते विषारी आहे. त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि साधा दोन घटकांचा चंदेरी रंग द्यावा.

प्रश्न : चाके रंगवून घेतल्यावर दोनच दिवसांत नट सैल आढळले. नट खराब आहेत का?

उत्तर : नटांना दोष देण्यापूर्वी चाकाची मागची बाजू पाहावी. हबला टेकणारा सपाट भाग आणि नटांच्या निमुळत्या बैठका रंगवल्या गेल्या असतील, तर नट आवळला जातो तो धातूवर नव्हे, रंगाच्या उशीवर. चाक तापते, रंग दबतो, कडेने पिळून बाहेर येतो आणि तेवढा ताण नटातून निघून जातो. जाड पावडरच्या बाबतीत हे फार लवकर घडते. गाडी चालवणे तूर्त थांबवावे, त्या बैठका आणि टेकणारा भाग धातूपर्यंत स्वच्छ करावा. कारखान्यातील पातळ अस्तर असेल तर ते राहू द्यावे. मधल्या भोकाच्या कडेवरही रंग साचलेला असू शकतो, त्यामुळे चाक हबवर पूर्ण बसत नाही आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरते. नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर चाके थंड असताना पुन्हा तपासावेत.

टायर बसवण्याचीही घाई नको. हार्डनरचा रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण साध्या तापमानाला आतून पूर्ण कडक व्हायला त्याला साधारण आठवडा लागतो. त्याआधी चाक मशीनवर चढवले, तर कडेवर टायरच्या लोखंडी पट्टीचा अर्धचंद्र उमटतो, आणि समतोलाचे चिकट वजन पुढे कधी काढताना रंगही सोबत घेऊन येते.